झोपवाली बाई

तुमच्या ओळखीच्या घरात अलीकडे बाळंतपण झालं तेव्हा तुम्ही बघायला गेला होतात. बाळाचं वजन विचारलंत, मुलगा की मुलगी ते विचारलंत, नाक कुणावर गेलंय यावर दहा मिनिटं बोललात. तिथंच भिंतीला टेकून जी बसली होती, तिला तुम्ही काय विचारलंत?

आठवून बघा. मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा मी बावीस वर्षांची होते, नोकरी मागायला गेले होते. मी म्हणाले, "तिच्या तब्येतीची चौकशी केली असेल."

"काय शब्दांत?"

"म्हणजे, बरी आहेस ना, असं."

"बरी आहेस ना, हा प्रश्न नव्हे," बाई म्हणाल्या. "ते उत्तर आहे. तू तिच्या तोंडात घालून आलीस."

ही आमची पहिली भेट. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. बाई मनाच्या आजारांच्या डॉक्टर. मुंबईतली बरी नोकरी सोडून त्या भिवंडीत एका कोकणी मुसलमान घराच्या माडीवर खोली घेऊन राहिल्या होत्या. घरमालकिणीला सगळं गाव खाला म्हणे, म्हणून आम्हीही खालाच म्हणायचो. बाळ जन्मल्यावर आईच्या मनाचं काय होतं, आणि आईच्या मनाचं जे होतं त्याचं बाळाच्या मनावर काय होतं, हा बाईंचा अभ्यास. घरोघर जाऊन बायकांशी बोलायला त्यांना एक मुलगी हवी होती.

मी माझ्या लायकीचा पुरावा म्हणून पिशवीतून पत्रकं नेली होती. माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे आणि यंत्रमागांवरच्या, म्हणजे लूम कामगारांच्या युनियनची पत्रकं लिहायचे. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर. 'बंधूंनो आणि भगिनींनो' हे मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी वाचता येत होतं. अठराव्या वर्षापासून मीही लिहू लागले होते. बाईंनी माझं एक पत्रक शेवटपर्यंत वाचलं, मग बोटानं मोजत परत वर गेल्या.

"याच्यात अकरा उद्गारचिन्हं आहेत."

"लोकांना हलवायला लागतात."

"बरं. माझ्याकडे एकही चालणार नाही. उद्या ये."

असं त्यांचं बोलणं. गोड शब्द त्यांच्याकडे नव्हता. मी सहा वर्षं त्यांच्याबरोबर काम केलं; त्यात 'छान' हा शब्द मी दोनदा ऐकला, आणि त्यातला एकदा खालाच्या कोळंबीच्या कालवणाला होता.

त्यांना झोपवाली बाई हे नाव भिवंडीतल्याच कामतघर भागातल्या बायकांनी दिलं. कारण कुठल्याही घरात शिरल्यावर त्यांचा पहिला प्रश्न एकच असे, "झोप झाली का?" बाळंतिणीला विचारत, तिच्या सासूला विचारत, रिक्षावाल्याला विचारत. एकदा नगरपालिकेतल्या साहेबांकडे परवानगीचा कागद आणायला गेलो, तर त्यांनाही तेच. साहेब आधी हसले, आणि मग वीस मिनिटं आपल्या पित्ताबद्दल बोलत राहिले. कागद त्याच दिवशी मिळाला. प्रश्न विचारल्यावर बाई खरोखरच उत्तराची वाट बघत. हे सोपं वाटतं. करून बघा. समोरच्याला कळतं की हिला उत्तर हवंय, आणि तो घाबरतो.

दिसायला म्हणाल तर उंच, हडकुळी बाई. सुती साडी, पायात पुरुषांच्या जाड चपला, लूमवरच्या कोऱ्या जाड कापडाची शिवून घेतलेली पिशवी. केसांत कापसाचे तंतू कायम अडकलेले. ते कामतघरात सगळ्यांच्याच केसांत असतात, पण बाकीचे झटकतात. बाई झटकत नसत. घरात गेल्या की खुर्ची नाकारायच्या आणि बाळंतिणीशेजारी, तिच्याच बाजूला तोंड करून, जमिनीवर बसायच्या. बाळाकडे बघायच्या नाहीत. कुणी कौतुकानं बाळ पुढे केलं तर म्हणायच्या, "त्याला मग. आधी आई बघू."

यावरून लोक दुखावत. एका आजीनं तर सरळ म्हटलं, "नजर वाईट हाय वाटतं बाईची, म्हनून बघत न्हाय." बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. राग आला नाही. पुढच्या वेळी त्या आजीला म्हणाल्या, "तुमची शंका बरोबर असू शकते. मी नाहीच बघत. तुम्ही सुनेकडे बघा, मी समाधानी."

त्या पिशवीत एक चावीचं गजराचं घड्याळ असे. बाळंतिणीशी बोलायला बसल्या की ते मध्ये ठेवून गजर लावायच्या आणि घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायच्या, "हा अर्धा तास हिचा. एवढ्यात हिला कुणी हाक मारली तर मी उठेन." आणि त्या खरंच उठत. कुणी पाणी मागितलं तर आणून देत. भाकरी मागितली तर थापायला बसत. लूमसाठी धाग्याच्या कांड्या भरायचं काम घरात चालू असेल तर तेही करायला बसत, आणि इतका धागा तोडत की घरातले हात जोडत. चहाची तर गोष्टच वेगळी. त्यांच्या हातचा चहा एकदा प्यायलेला माणूस त्या अर्ध्या तासात पुन्हा चहा मागत नसे. मला पुष्कळ दिवस वाटे की त्यांना चहा येत नाही. एकदा खोलीवर त्यांनी मला उत्तम चहा करून दिला तेव्हा माझ्या लक्षात आलं.

बाळाला मन असतं यावर मात्र कुणाचा विश्वास बसत नसे. खालाचा दीर, स्वतःचे आठ लूम असलेला, मिशा राखलेला भारदस्त माणूस, एकदा माडीवर येऊन म्हणाला, "डॉक्टरसाब, तीन महिन्याच्या पोराला कसला मन? दूध दिला की झाला."

"तुमचा नातू तीन महिन्यांचाच आहे ना? आणा."

नातू आणला. बाईंनी त्याला गादीवर ठेवलं आणि आजोबांना समोर बसवलं. "आता एक मिनिट त्याच्याकडे नुसतं बघा. हसायचं नाही, बोलायचं नाही. दगड व्हा."

आजोबा दगड झाले. नातू आधी हसला. मग हात उडवले, आवाज काढला. मग गोंधळला. मान फिरवली, पुन्हा हळूच बघितलं की अजून दगडच आहे का. आणि मग ओठ काढून रडायला लागला. मिनिट व्हायच्या आत आजोबांनी त्याला उचलून छातीशी धरलं. "बस झाला, बस झाला, ये नको आपल्याला," असं ते नातवाला म्हणत होते की स्वतःला, कळलं नाही.

बाई म्हणाल्या, "तुम्हाला मिनिटभर जमलं नाही. एखादी आई महिनोन् महिने अशी बसते. हौसेनं नाही बसत. आतून हललंच जात नाही तिला. मी त्या दोघांसाठी आलेय इथं."

त्यानंतर त्या गृहस्थानं बाळाच्या मनाबद्दल शंका काढली नाही. फक्त नातवाला घेऊन तो बाईंच्या वाऱ्याला उभा राहत नसे.

आता आमच्या चुकीबद्दल लिहिते. ही चूक भिवंडीतच होऊ शकते.

बाईंना मुंबईच्या एका समितीनं या कामाला मदत दिली होती. समितीनं दिलेल्या दहा प्रश्नांच्या कागदावर वरच छापलं होतं की मुलाखत शांत जागी घ्यावी. आता कामतघरात शांत जागा कुठली? भिंतीपलीकडे लूम, भिंतीअलीकडे घर. ताटातलं वरण थरथरतं. माणसं एकमेकांशी ओठ वाचून बोलतात. शांतता फक्त शुक्रवारी, लूमच्या सुट्टीच्या दिवशी. तेव्हा आम्ही शुक्रवार धरला. सहा महिने दर शुक्रवारी दोघी दोन बाजूंनी निघायचो आणि कागद भरून आणायचो. बाकीचे दिवस बाई ते कागद वाचत बसायच्या आणि दिवसेंदिवस गप्प होत जायच्या.

कारण प्रत्येक कागदावर सगळं ठीक होतं. झोप ठीक. भूक ठीक. रडू येत नाही. भीती वाटत नाही. एकीनं तेवढं 'तुम्ही स्वतःला दोष देता का' या प्रश्नावर म्हटलं होतं, "दोष द्यायला घरात बाकीचे हायेत की. मी कशाला मेहनत करू?" बाकी सगळ्या ठीक.

"एका मोठ्या गावात एकही दुःखी बाळंतीण नाही," बाई म्हणाल्या. "तिकीट लावून दाखवायला हवं हे गाव."

एका शुक्रवारी संध्याकाळी खाला जेवणाचं ताट घेऊन वर आली. तिनं तो गठ्ठा बघितला, आमची तोंडं बघितली आणि काय झालं विचारलं. मी सांगितलं. खाला ताट ठेवून कमरेवर हात देऊन उभी राहिली.

"जुम्म्याला जाता तुमी विचारायला?"

"शांत असतं म्हणून."

"अगे पोरी, जुम्म्याला घरात नवरा, सासरा, दीर, समदे. लूम बंद. तिसऱ्या घरात कोन खोकला तरी ऐकायला येते. त्या दिवशी कोन आपला रोना रोएल? मी माझ्या बहिणीला सासूची गोष्ट सांगायची तर लूम चालू असताना सांगते. कानाला तोंड लावून. अख्खी भिवंडी तशीच बोलते." मग तिनं बाईंकडे वळून सौम्यपणे विचारलं, "डॉक्टर, तुमची झोप होते ना?"

बाई जेवल्या नाहीत. ताट बाजूला सारून त्यांनी गठ्ठा पुढे ओढला. मग मला म्हणाल्या, "यातल्या कुठल्या बाईनं तोंड उघडलंच नाही?"

मला लगेच एक आठवली. तिचं खरं नाव लिहीत नाही. तिला वनिता म्हणते. खारबावकडची मुलगी, कामतघरच्या आगरी घरात दिलेली. तिच्या नवऱ्याचे चार लूम घराला लागूनच. मुलगी दोन महिन्यांची. मी प्रश्न विचारत गेले आणि ती भिंतीकडे बघत राहिली. सासू उंबऱ्यावर तांदूळ निवडत होती. तिनंच प्रत्येक वेळी उत्तर दिलं, "बरी हाय ती. जेवते. दूध हाय." मी तिचा कागद काढून दिला.

"ही बोललीच नाही?"

"नाही."

"मग 'ठीक' कुणी लिहिलं?"

"मी."

मी अन्यायाविरुद्ध लिहिणारी मुलगी. कामगारांच्या वतीनं मालक बोलतो म्हणून मी पत्रकं काढली होती. आणि इथं एका बाईच्या वतीनं तिची सासू बोलली, ते मी माझ्या सुंदर अक्षरात दहा वेळा उतरवून घेतलं होतं. बाई रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "सहाव्या दिवशी सटवाईसमोर कागद ठेवतात. कोरा ठेवतात. तिला काय लिहायचं ते ती लिहील म्हणून. तेवढा मान तरी आपण बाळंतिणीला द्यावा. ती बोलली नाही तर रकाना कोरा ठेवायचा. कोरा कागद खोटा नसतो."

दुसऱ्या दिवशी शनिवार. लूम चालू होते. आम्ही वनिताकडे गेलो. बाईंनी गजर लावला, घड्याळ मध्ये ठेवलं आणि वनिताच्या खांद्याला खांदा लावून बसल्या. मग तिच्या तोंडाजवळ आपला कान नेला. मुलगी गोधडीवर होती, तिच्या पापण्यांवर कापसाचा तंतू. ती आईकडे बघत नव्हती. छताकडे बघत होती. सासू दोन हातांच्या अंतरावर बसून तांदूळ निवडत होती. तिला सगळं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं.

मग वनिताचे ओठ हलायला लागले. हलतच राहिले. अर्ध्या तासानं गजर वाजला असणार, पण त्या खडखडाटात तो कुणालाच ऐकू आला नाही. काटा पुढे गेला. बाई बसून होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, फक्त त्यांनी वनिताचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

ती काय बोलली ते बाईंनी कागदावर लिहिलं नाही आणि मलाही सांगितलं नाही. वनितानंच मला काही वर्षांनी सांगितलं, आणि नाव बदलून लिही म्हणाली, म्हणून लिहिते. ती म्हणाली होती, "पोर रडली ना बाई, का मना वाटतं, हिला उचलावी नि तलावाकडं चालत जावा. दोगी बी. मग कोनाला तरास न्हाय." महिनाभर तिला दिवसातून कितीदा तरी तसं वाटत होतं. आणि तसं वाटतं म्हणून आपण राक्षसीण आहोत असंही वाटत होतं.

बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू जा. मी आता इथंच राहणार." आणि सासूकडे चटई मागितली.

त्या घरात दुसरंच ठरलेलं होतं. सोमवारी वनिताला माहेरी पोचवायचं आणि मुलगी इथं ठेवायची. नवरा वाईट माणूस नव्हता. घाबरलेला माणूस होता. रविवारी मी बाईंचे कपडे घेऊन गेले तेव्हा तो दारात त्यांना सांगत होता, "हिला वारं लागलाय बाई. पोरीला काय केला तर? पोर माज्या चुलतबहिनीकडं ऱ्हाईल. ही बरी झाली का बघू." मग आत वळून आईला म्हणाला, "काकी, हिचे कपडे बांध."

तो आईला काकी म्हणे. मी ते आधीही ऐकलं होतं. एकत्र घरात चुलतभावंडांचं ऐकून मुलं आईला काकी म्हणतात, त्यात नवल नव्हतं.

तो लूमवर गेला. मी बाईंना म्हटलं, "आपण भांडू या. आईपासून मूल तोडायचा यांना काय अधिकार? मी युनियनची माणसं आणते." बाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं. त्या उठून सासूशेजारी जमिनीवर बसल्या आणि सासूच्या कानाशी तोंड नेलं. काय विचारलं ते मला ओठांवरून कळलं. तो एकच प्रश्न.

सासूचा हात सुपात थांबला. ती बाईंच्या कानाला लागली. मिनिटभर बोलली असेल. डोळे पुसले नाहीत, कारण पाणी आलंच नव्हतं. बाईंनी लूमच्या भिंतीकडे बोट दाखवून तिला काही विचारलं. तिनं होकाराची मान हलवली.

बाई स्वतः शेडमध्ये गेल्या. तिथं त्यांचं आणि वनिताच्या नवऱ्याचं हातवाऱ्यांनी काय झालं ते मला दिसलं नाही. एक लूम थांबला. मग दुसरा. कापड अर्ध्यावर राहिलेला कारागीर हिंदीत ओरडला, "सेठ, पीस अधूरा है, क्या कर रहे हो?" चौथा थांबला तेव्हा घरात इतकी शांतता झाली की मुलगी दचकली.

नवरा कपाळ पुसत आत आला. "काय झाला?"

सासू त्याच्याकडे न बघता बोलली. "तू माज्या दुसऱ्या टायमाचा. तू झालास तवा मी बी अशीच बसलेली. भिंतीकडं तोंड करून. तुला हात न्हाय लावला धा-बारा दिस. माज्या सासूनं तुला उचलला नि तुज्या मोठ्या काकीच्या वटीत टाकला. मी बरी झाली, पन तू कवा परत दिलाच न्हाय कोनी. तिला तू आई बोलायला लागलास. मना काकी." तिनं सूप खाली ठेवलं. "ती मेली, तरी मी काकीच."

तो उभाच होता. "मना कोनी सांगला न्हाय."

"काय सांगू? मना वारं लागलेला म्हनून?"

वनितानं भिंतीकडची मान वळवून पहिल्यांदाच सासूकडे बघितलं होतं. ते मी बघितलं. नवऱ्यानं बघितलं की नाही माहीत नाही. तो खाली बसला आणि म्हणाला, "पोर हिच्याजवळच ऱ्हाईल."

"मंग लूम चालू कर," सासू म्हणाली. "पीस अर्धा हाय."

बाईंनी तेवढ्यावर सोडलं नाही. काही काळ वनिताला मुलीबरोबर एकटं ठेवायचं नाही. ठाण्याला दवाखान्यात न्यायचं, गोळ्या चुकवायच्या नाहीत, बरं वाटलं तरी डॉक्टरनं सांगेपर्यंत बंद करायच्या नाहीत. हे वारं नाही, बाधा नाही, हिचा स्वभाव नाही. आजार आहे आणि तो बरा होतो. हे सगळं त्यांनी नवऱ्याकडून तीनदा वदवून घेतलं, शाळेत पाढे घेतात तसं. आणि निघताना घड्याळ तिथंच ठेवलं. ते सासूच्या हाती दिलं. "रोज अर्धा तास. हाक आली तर तुम्ही उठायचं."

"नि माज्या अर्द्या तासाला कोन उठंल?" सासू म्हणाली.

"हा उठेल," बाईंनी तिच्या मुलाकडे बोट केलं. मी त्या घरात पुढे जात राहिले. तो चहा बरा करायचा.

वनिताला बरं व्हायला पावसाळा आणि हिवाळा लागला. एकदा मी गेले तर ती मुलीसमोर बसून, लूमच्या आवाजात, ओठ मोठे हलवून काहीतरी म्हणत होती आणि मुलगी तिच्या ओठांकडे बघून तसेच ओठ करत होती. मी धावत माडीवर जाऊन बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "छान." ही दुसरी वेळ.

त्या सहा महिन्यांच्या गठ्ठ्याचं काय केलं, हेही सांगायला हवं. बाईंनी समितीला कळवलं की शुक्रवारचे सगळे कागद बाद करतेय, काम पहिल्यापासून करेन. समितीतले गृहस्थ भेटायला आले. सज्जन होते. म्हणाले, "मॅडम, ठेवून द्या ना. सगळं ठीक आलंय म्हणजे चांगलंच आहे की. नवे कागद त्यात मिसळा."

"त्या कागदांवर बायकांबद्दल काहीही नाही," बाई म्हणाल्या. "त्यांच्यावर फक्त आम्ही चुकीच्या दिवशी गेलो एवढंच लिहिलंय."

पुढच्या वर्षाची मदत आली नाही. बाईंनी संध्याकाळी दवाखाना चालवून काम चालू ठेवलं, आणि आम्ही लूम चालू असलेल्या दिवशीच जायला लागलो. माझा घसा बसला, डावा कान कायमचा थोडा अधू झाला. पण जे ऐकलं ते ऐकलं. लूमच्या आवाजात कानाशी आलेल्या त्या बोलण्यांनी माझी भाषा बदलली. तोवर मला वाटे, अन्याय मोठ्यानं सांगावा लागतो.

तरी सवय जात नाही. मी गुपचूप एक पत्रक लिहिलं होतं. मथळा होता, 'आयांनो, जाग्या व्हा!' बाईंनी ते वाचलं आणि परत दिलं.

"त्या जाग्याच आहेत गं. तेच तर दुखणं आहे."

मी चिडले. म्हटलं, कॅलेंडरवर आईची देवी करून टांगणारा, तिच्या त्यागावर भाषणं ठोकणारा हा समाज तिला अर्धा तास देत नाही, हे कुणी म्हणायचंच नाही का? बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हण की. पण आयांना नको म्हणू. जे झोपलेत त्यांना म्हण."

काम पूर्ण झालं तेव्हा ते इंग्रजीत कुठं छापायला पाठवायच्या आधी बाईंनी एका शुक्रवारी सगळ्या बायकांना खालाच्या माडीवर बोलावलं. कुणाचं नाव न घेता, सगळं निष्कर्षासकट मराठी-हिंदीत वाचून दाखवलं. बायकांनी त्यात दुरुस्त्या सांगितल्या. एक म्हणाली, "बाई, सगळीकडं दुःख दुःख काय लिवलाय? थकवा लिवा. दुःख करायला तरी येळ पायजे." बाईंनी तिथल्या तिथं शब्द बदलला. हे वाचन शांततेत चाललं होतं, लूम बंद होते, आणि बायका बोलत होत्या. नवरे खाली रिक्षात थांबले होते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बाई भिवंडी सोडून गेल्या. गुडघे गेले होते, जमिनीवर बसणं होत नव्हतं, आणि खुर्चीवरून हे काम होत नाही असं त्यांचं म्हणणं. सामान म्हणजे दोन पेट्या आणि ती पिशवी. खाला रडत होती आणि डबा बांधत होती. मी रिक्षा बोलावली. सहा वर्षांत एक गोष्ट माझ्याकडून राहिली होती, ती मला त्या क्षणी कळली. त्यांनी भिवंडीला विचारलेला प्रश्न त्यांना खाला सोडून कुणी विचारला नव्हता, आणि खालाला त्यांनी उत्तर दिलं नव्हतं.

मी विचारलं, "बाई, तुमची झोप झाली का?"

आणि त्यांच्याचसारखी थांबले.

त्या रिक्षाच्या दांड्याला धरून उभ्या राहिल्या. पलीकडे लूम चालू होते. काही बोलल्या असत्या तर माझ्याशिवाय कुणाला ऐकू आलं नसतं. मग त्या म्हणाल्या, "तो रकाना कोरा ठेव."

मी कोरा ठेवलाय. त्यांना मूल होतं का, त्या कधी भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या का, हे मला माहीत नाही. मी ते इथं भरणार नाही.

वनिताची मुलगी आता शाळेत जाते. वनिता दुपारी ते घड्याळ घेऊन शेजारच्या चाळींमधल्या बाळंतिणींकडे जाते. तिला कुणी सांगितलेलं नाही.

आणि आता माझं पत्रक. बाईंनी सांगितलं होतं तसं ते आयांसाठी लिहिलेलं नाही, तुमच्यासाठी लिहिलंय. तुमच्या गल्लीत, जिन्यावर, नात्यात या घडीला कुठंतरी नवं बाळ आहे. या आठवड्यात तिथं जा. झबलं नेऊ नका. बाळाकडे बघू नका, ते पळून जात नाही. आईशेजारी जमिनीवर बसा, घड्याळ समोर ठेवा, तिला कुणी हाक मारली तर तुम्ही उठा. आणि विचारा, झोप झाली का. सासूलाही विचारा. मग गप्प बसा. ती काही बोलली नाही, तर पुन्हा एकदा जा. लूम चालू असताना जा.